रेउसचे व्हर्मूथ : कडूपणाच्या वाटेने समजून घेतलेली एक स्पॅनिश वाइन

स्पेनमधील कातालोनिया प्रांतातल्या रेउस या शहरात, एका जुन्या बोदेगात, म्हणजे पिंपांतून सुटी वाइन विकणाऱ्या दुकानात, रविवारी दुपारी बाराच्या सुमारास दुकानदाराने माझ्यासमोर एक ठेंगणा, जाड काचेचा पेला ठेवला. त्यात तांबूस-पिंगट पेय होते, बर्फाचे दोन खडे होते, संत्र्याची अर्धी चकती होती आणि काडीला टोचलेले एक हिरवे ऑलिव्ह होते. शेजारच्या प्रिओरात भागातील प्रसिद्ध लाल वाइन चाखण्यासाठी मी त्या बाजूला गेले होते आणि व्हर्मूथ म्हणजे मार्टिनीसारख्या कॉकटेलमध्ये थोडेसे घालायचे काहीतरी, एवढीच माझी समजूत होती. पहिला घोट गोड लागला, मग दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचा वास जाणवला, आणि घोट गिळून झाल्यावर घशाशी एक स्वच्छ, लांबणारा कडूपणा उरला. तो कडूपणा मला ओळखीचा वाटला. लहानपणी तापात आजीने पाजलेल्या काढ्याची आठवण अशा ठिकाणी का व्हावी, याचा शोध घेताना मला हे पेय समजत गेले, आणि म्हणून ते समजावून सांगतानाही मी कडूपणाचेच बोट धरणार आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : व्हर्मूथ ही वाइनच आहे. द्राक्षांपासून नेहमीच्या पद्धतीने वाइन तयार करायची, तिच्यात कडू आणि सुगंधी वनस्पतींचा अर्क मिसळायचा, थोडी गोडी आणायची आणि शुद्ध मद्यार्क घालून तिची ताकद व टिकाऊपणा वाढवायचा, एवढा तिचा सारांश आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हर्मूथ म्हणवून घेणाऱ्या पेयात किमान ७५ टक्के वाइन असावी लागते, मद्यार्काचे प्रमाण १४.५ टक्के किंवा त्याहून अधिक पण २२ टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते आणि आर्टेमिसिया कुळातील वनस्पतीचा अर्क त्यात असावाच लागतो. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पेयाचे नावच त्या वनस्पतीवरून पडले आहे. आर्टेमिसियाच्या ज्या जातीला इंग्रजीत वर्मवुड म्हणतात तिला जर्मन भाषेत ‘वेर्मुट’ असे नाव आहे. त्याचेच फ्रेंच व इंग्रजी वळणाने व्हर्मूथ झाले आणि स्पेनमध्ये ‘बेर्मुत’.

आर्टेमिसिया हे नाव परके वाटले तरी ते कूळ मराठी माणसाला परके नाही. चैत्रात जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर जो दवणा वाहतात, तो याच कुळातला. त्या बोदेगाच्या दुकानदाराने फडताळावरच्या बरणीतून वर्मवुडची वाळलेली काडी काढून माझ्या हातावर ठेवली, तेव्हा तिची बारीक कातरलेली, राखाडी-रुपेरी पाने पाहताच मला दवण्याची जुडी आठवली. पान बोटांत चोळल्यावर मात्र दोघांतला फरक कळला. दवण्याच्या वासात एक फळांसारखा गोडवा असतो. वर्मवुडचा वास कोरडा, औषधी, थोडा कापरासारखा असतो, आणि त्या पानाचा कण जिभेवर ठेवला तर कडूपणा मिनिटभर तरी हलत नाही. हा कडूपणा ॲब्सिंथिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि निसर्गात आढळणाऱ्या अतिशय कडू पदार्थांत त्याची गणना होते. म्हणूनच व्हर्मूथमध्ये ही वनस्पती अगदी बेताने वापरतात.

कडूपणाचे दुसरे अंग बहुतेक वेळा जेन्शियन नावाच्या डोंगरी वनस्पतीच्या मुळातून येते, आणि माझ्या आजीच्या काढ्याचे उत्तर मला येथे सापडले. आपल्याकडे तापावर जे किराईत किंवा काडेचिराईत देत, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जेन्शियनच्याच घराण्यातले आहे. दोन खंडांतल्या लोकांनी एकाच घराण्यातल्या वनस्पती पोटाच्या आणि तापाच्या औषधासाठी निवडाव्यात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. वर्मवुड व जेन्शियन यांच्याबरोबर काही कृतींत सिंकोनाची साल असते, म्हणजे ज्या सालीपासून क्विनीन मिळते तीच. त्याखेरीज धने, दालचिनी, लवंग, जायफळ, वेलदोडा, कडू संत्र्याची साल, कॅमोमाइलची फुले, रोझमेरी, थाइम अशी यादी लांबत जाते. प्रत्येक घराण्याची कृती गुप्त असते आणि काही कारखाने आपल्या कृतीत पन्नासाहून अधिक वनस्पती असल्याचे सांगतात. संख्येला फार महत्त्व देऊ नये असे मला वाटते. गोडा मसाला पंधरा पदार्थांचा असो की वीस, शेवटी तो कोणी भाजला यावर चव ठरते.

वाइनमध्ये औषधी वनस्पती भिजवण्याची पद्धत युरोपात फार जुनी आहे आणि आपल्या द्राक्षासवाची आठवण येथे साहजिकच होते. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. आसव-अरिष्टांमध्ये औषधी द्रव्ये, गूळ आणि बहुधा धायटीची फुले आधीच घालतात आणि त्या सगळ्यांसह ते भांड्यात आंबू देतात, म्हणजे मद्यार्क त्या भांड्यातच तयार होतो. व्हर्मूथमध्ये आंबवण्याचे काम आधीच पूर्ण झालेले असते. तयार वाइनला नंतर वनस्पतींचा अर्क आणि बाहेरचा मद्यार्क देतात. त्यामुळे करणाऱ्याला प्रत्येक चवीचे माप स्वतंत्रपणे ठरवता येते, आणि औषधापासून चवीच्या पेयाकडे झालेला प्रवास याच नियंत्रणामुळे शक्य झाला असावा.

आधुनिक व्हर्मूथची सुरुवात साधारणपणे इटलीतील तुरीन शहरात १७८६ साली आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो यांनी केली असे मानतात. एकोणिसाव्या शतकात इटालियन कंपन्यांनी ते युरोपभर नेले आणि बार्सिलोनाच्या श्रीमंत वर्गात ते प्रतिष्ठेचे पेय ठरले. १९०२ साली बार्सिलोनाच्या पासेइग दे ग्रासिया या रस्त्यावर उघडलेले काफे तोरिनो हे त्या काळाचे प्रतीक होते. त्याच्या सजावटीत प्रसिद्ध कातालान वास्तुशिल्पी आंतोनी गाउदींचाही हात होता. गाउदींचा जन्म १८५२ साली रेउसमध्ये झाल्याचे मानतात, हा योगायोग मला सुखावणारा वाटतो, कारण हे काफे उघडले तोवर रेउस स्वतःच व्हर्मूथ करू लागले होते.

व्हर्मूथचे शहर हा मान रेउसलाच का मिळाला, याचे उत्तर भूगोलात आणि व्यापारात आहे. अठराव्या शतकात हे शहर द्राक्षांच्या मद्यार्काची एवढी मोठी पेठ होते की त्याचे भाव ‘रेउस, पॅरिस आणि लंडन’ येथे ठरतात असे म्हणत, आणि हा वाक्प्रचार कातालान भाषेत आजही अभिमानाने वापरला जातो. व्हर्मूथसाठी लागणारी प्रत्येक गोष्ट या शहराच्या हाताशी होती. भोवतालच्या मळ्यांत भरपूर पांढरी वाइन होती, गावात मद्यार्काच्या भट्ट्या होत्या, जवळच्या डोंगरांत रानटी वनौषधी होत्या आणि सालोऊ व तार्रागोना या बंदरांतून साखर, दालचिनी आणि सिंकोनाची साल येत होती. १८५६ साली तार्रागोना-रेउस रेल्वे सुरू झाली. १८६०च्या दशकात फिलोक्सेरा या मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त करायला सुरुवात केली, तेव्हा कातालान वाइनला एकाएकी मोठी मागणी आली. ते सुख टिकले नाही, कारण १८७९ साली तीच कीड कातालोनियात शिरली आणि पुढील दोन दशकांत तिने प्रिओरातचे डोंगर ओसाड केले. याच चढउताराच्या काळात, १८८४ साली, इसागिर्रे या व्हर्मूथ घराण्याची सुरुवात झाली. ते आजही या परिसरातील सर्वांत परिचित नावांपैकी एक आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. स्पेनमध्ये सर्वांत जास्त पिले जाणारे व्हर्मूथ ‘रोखो’, म्हणजे लाल असते, आणि पाहणाऱ्याला ते लाल वाइनपासून केले असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा पांढऱ्या वाइनपासून करतात. कातालोनियात त्यासाठी माकाबेउ, शारेल्लो, पारेयादा अशी द्राक्षे वापरतात, मध्य स्पेनमधील ला मांचाच्या पठारावर आइरेन वापरतात, आणि तांबूस रंग प्रामुख्याने जाळलेल्या साखरेतून, म्हणजे कॅरमेलमधून येतो. वाइन मुद्दाम सौम्य निवडतात. फार सुगंधी वाइन वनस्पतींशी भांडते आणि फार लाल वाइनचा तुरटपणा कडूपणात मिसळला की तोंड कोरडे पडते. अर्थात नियमाला अपवाद आहेत. प्रिओरातच्या काही लहान वाइनऱ्या आपल्याच गार्नाचा द्राक्षांच्या लाल वाइनपासून व्हर्मूथ करतात. ते अधिक राकट लागते आणि मला ते आवडले, पण सुरुवात त्याने करू नये.

वनस्पतींचा अर्क काढण्यासाठी त्या मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणात काही दिवस ते काही आठवडे भिजत ठेवतात. निव्वळ पाण्यात सालींतील व बियांतील सुगंधी तेले उतरत नाहीत आणि निव्वळ मद्यार्कात मुळांतील काही चवी मागे राहतात, म्हणून मिश्रण लागते. त्याचे प्रमाण वनस्पतीप्रमाणे बदलते, आणि संत्र्याची साल व जेन्शियनचे मूळ वेगवेगळे भिजवणारे कारखानेही आहेत. हा अर्क गाळून वाइनमध्ये मिसळतात, त्यात साखर किंवा मिस्तेला घालतात. मिस्तेला म्हणजे ताज्या द्राक्षरसात आंबण्यापूर्वीच मद्यार्क ओतून त्याची गोडी जशीच्या तशी राखलेले द्रावण. त्यानंतर सगळे मिश्रण काही काळ स्वस्थ ठेवतात. ‘रेसेर्वा’ असे लिहिलेली बाटली ओक लाकडाच्या पिंपात अधिक काळ राहिलेली असते. त्या विश्रांतीत सुट्या सुट्या जाणवणाऱ्या चवी एकमेकींत मुरतात, जसे लोणचे पहिल्या दिवशी मीठ-तिखट-मोहरी असते आणि महिन्याने लोणचे होते.

गोडीचे प्रमाण नव्या माणसाला चकित करते. नियमानुसार ‘गोड’ या वर्गातील व्हर्मूथमध्ये लिटरमागे १३० ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर असते, तर ‘ड्राय’ वर्गात ती ५० ग्रॅमपेक्षा कमी असते. म्हणजे ७५ मिलिलिटरच्या एका गोड पेल्यात दोन चहाचे चमचे साखर सहज असते, आणि तरीही ते सरबतासारखे लागत नाही. पाडव्याला कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ, ओवा, चिंच आणि मीठ वाटून खाल्लेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागणार नाही : गोडी कडूपणाला झाकत नाही, ती त्याला सोसण्याजोगे करते, आणि कडूपणा गोडीला मर्यादेत ठेवतो. इटालियन व्हर्मूथच्या तुलनेत स्पॅनिश लाल व्हर्मूथ सामान्यतः कमी कडू, चवीला अधिक मऊ आणि मसाल्यांकडे झुकणारे असते. त्याचे कारण मला असे वाटते की स्पेनमध्ये ते कॉकटेलमध्ये न घालता तसेच पिण्यासाठी करतात.

स्पेनमधील सगळे व्हर्मूथ रेउसच्या धाटणीचे नसते, हेही येथे नोंदवावे. माद्रिदमध्ये ‘दे ग्रिफो’, म्हणजे थेट नळातून ओतलेले व्हर्मूथ पिण्याची रीत आहे. दक्षिणेत खेरेसला, जेथे शेरी नावाची वाइन तयार होते, तेथील घराण्यांनी अलीकडच्या दशकात जुन्या कृती पुन्हा काढल्या आहेत. लुस्ताऊ या घराण्याचे लाल व्हर्मूथ आमोंतियादो आणि पेद्रो खिमेनेस या दोन शेरींवर आधारलेले आहे. एक कोरडी, बदाम-अक्रोडांच्या वासाची, दुसरी मनुकांसारखी दाट गोड. ते चाखताना वाइन ही केवळ पाया नसून घरमालकीण आहे हे कळते.

व्हर्मूथ चाखण्याची रीत अवघड नाही, पण क्रम पाळला तर पुष्कळ काही हाती लागते. प्रथम ते बर्फाशिवाय, थोडेसेच, लहान पेल्यात मागावे. उजेडाकडे धरून रंग पाहावा, मग नाकाशी नेऊन मसाल्याचा डबा उघडल्यासारखा एकेक वास वेगळा काढण्याचा प्रयत्न करावा. आपण मराठी माणसे येथे फार सुदैवी आहोत, कारण धने, लवंग, जायफळ, वेलदोडा हे वास आपल्याला शिकावे लागत नाहीत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका युरोपीय पाहुण्याला जो वास ‘काहीतरी मसालेदार’ एवढाच जाणवला, तो जायफळाचा आहे हे मला श्रीखंडामुळे तत्काळ ओळखता आले. घोट घेतल्यावर तो लगेच गिळू नये. गोडी आधी येते, आंबटपणा कडेने येतो आणि कडूपणा सर्वांत शेवटी येऊन सर्वांत जास्त वेळ थांबतो. तो कसा संपतो, स्वच्छपणे विरतो की जिभेवर चिकटून राहतो, यावरून व्हर्मूथचा दर्जा ठरवावा असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

दुसऱ्या पेल्यात बर्फ, संत्र्याची चकती आणि सिफोनचा फवारा घ्यावा. सिफोन म्हणजे दाबाखाली सोडा भरलेली, चाप असलेली जाड काचेची बाटली. या तिन्ही गोष्टी केवळ शोभेसाठी नसतात. थंडीमुळे गोडीची जाणीव कमी होते, सोड्याचे बुडबुडे फुटताना सुगंध वर आणतात आणि संत्र्याच्या सालीतील तेल पेयातील कडू संत्र्याच्या अर्काला ताजेपणा देते. ऑलिव्हचे काम तर त्याहून मोलाचे आहे. मिठातील सोडियम कडू चवीची जाणीव दबवते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे, त्यामुळे खारट ऑलिव्ह चावून घेतलेला घोट आधीच्या घोटापेक्षा गोड आणि अधिक सुवासिक लागतो. त्या बोदेगात मी हे मुद्दाम करून पाहिले : एक घोट ऑलिव्हपूर्वी, एक नंतर. दोन वेगळ्या बाटल्यांतून ओतले आहे असे वाटावे एवढा फरक होता. बरोबर येणारी खारवलेली अँचोव्ही मासळी, व्हिनेगरमधील शिंपले आणि बटाट्याचे वेफर हे सगळे याच तत्त्वावर बसवलेले आहे, जरी ते बसवणाऱ्यांनी रसायनशास्त्राचा विचार केला नसला तरी.

वेळेचाही असाच अर्थ आहे. कातालान भाषेत ‘फेर एल बेर्मुत’, शब्दशः ‘व्हर्मूथ करणे’, याचा अर्थ दुपारच्या जेवणापूर्वी, विशेषतः रविवारी, घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर काहीतरी पीत-खात तासभर बसणे. कडू चवीने तोंडाला पाणी सुटते आणि पाचक रस स्रवू लागतात, म्हणून ते जेवणाआधीचे पेय झाले. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-अडीचला होते हे ध्यानात घेतले तर बाराची वेळ कशी ठरली तेही कळते. आजी-आजोबा, नातवंडे, सगळे एका मेजाभोवती असतात, मुलांच्या हाती फळांचा रस असतो आणि कोणालाही घाई नसते. १९६०-७०नंतर बिअर आणि शीतपेयांपुढे ही रीत मागे पडली होती. २०१०च्या आसपास तरुण पिढीने ती पुन्हा उचलून धरली.

प्रत्यक्ष जायचे असेल तर बार्सिलोनाहून रेउस साधारण शंभर किलोमीटरवर आहे आणि थेट रेल्वेने जाता येते. तेथे २०१४ साली सुरू झालेले व्हर्मूथ संग्रहालय आहे. जुन्या बाटल्या, जाहिरातींचे फलक आणि सिफोन यांचा मोठा संग्रह तेथे आहे आणि त्याच छताखाली चाखण्याचीही सोय आहे. रेउसहून पश्चिमेला डोंगरात गेले की प्रिओरात लागते. तेथील काळसर पाटीच्या दगडाची माती ‘यिकोरेया’ पायाखाली कुरकुरते आणि द्राक्षवेली एवढ्या उतारावर लावलेल्या असतात की तेथे उभे राहण्याचीच पंचाईत होते. फालसेत या मुख्य गावात गाउदींचे शिष्य सेझार मार्तिनेल यांनी रचलेली, १९१९ सालची सहकारी वाइनरी आहे. तिच्या उंच कमानींखाली उभे राहिल्यावर सहकाराने उभारलेल्या वास्तूविषयी महाराष्ट्रातील माणसाला वाटणारा जिव्हाळा मला वाटला. ही सहकारी संस्था स्वतःचे व्हर्मूथही तयार करते. डोंगरातील रस्ते वळणांचे आहेत आणि व्हर्मूथ गोड लागत असले तरी साध्या वाइनपेक्षा ते अधिक कडक असते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने चाखलेला घोट थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात टाकावा. वाइनऱ्यांमध्ये त्यात कोणी गैर मानत नाही.

बाटली घरी आणायची असल्यास भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सीमाशुल्काशिवाय दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या निर्धास्तपणे येतात. पुढची काळजी मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. मद्यार्क आणि साखर असली तरी व्हर्मूथ शेवटी वाइन आहे, आणि बाटली उघडल्यावर हवेने तिचा सुगंध मावळू लागतो. दिवाणखान्यातील कपाटात वर्षभर उभी राहिलेली उघडी बाटली चाखून ज्यांनी व्हर्मूथ आवडत नाही असे ठरवले, त्यांनी खरे व्हर्मूथ चाखलेच नाही. उघडलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी. मी आणलेल्या दोनपैकी एक बाटली मी चैत्रात उघडली आणि पेल्याशेजारी बाजारातून आणलेली दवण्याची ताजी जुडी ठेवली. आधी दवणा हुंगला, मग पेला, मग पुन्हा दवणा. तिसऱ्या खेपेला व्हर्मूथमधला वर्मवुडचा कोरडा, रुपेरी वास इतर सगळ्या मसाल्यांतून बाजूला होऊन मला स्पष्ट कळला.